दोनशे त्रेचाळीसचं कारण

हरणाला गोळी कुठे लागली हे मारणारा सांगतो एक, आणि माझ्या हाताखाली आल्यावर दिसतं भलतंच. एकतीस वर्षं मी या इस्टेटीवर हरणं साफ करतेय. नवरा फार्कर इथला पगारी शिकारी, हरणं फार वाढू नयेत म्हणून डोंगरावर मारतो, मी खाली टांगायच्या खोलीत आकड्याला अडकवून सोलते, तोलते, पायाला चिठ्ठी बांधते. फार्करनं मारलेलं हरीण ओळखायला मला ती चिठ्ठी कधीच लागली नाही. पुढच्या पायाच्या जरा मागे एकच भोक. छातीत सगळं तिथल्या तिथे संपलेलं आणि बाकी मांस स्वच्छ. आमचा खाटीक नेहमी विचारायचा, "इशबेल, तुझा नवरा फूटपट्टी लावून मारतो का गं?"

यंदा नोव्हेंबरातल्या एका आठवड्यात नऊ माद्या आल्या. त्यातल्या चौघींना गोळी पोटात लागलेली. तसलं जनावर उघडलं की जो वास सुटतो तो केसांत बसतो, दोनदा धुतलं तरी जात नाही. मी पाणी मारत राहिले, नासलेलं मांस बादलीत टाकत राहिले. गेल्या हंगामातही दोनतीनदा असं झालं होतं. तेव्हा मी वाऱ्याला दोष दिला होता. नवऱ्याला दोष द्यायच्या आधी बायको वारा, धुकं, परमेश्वर सगळ्यांना देऊन बघते.

दहावी मादी खाली आलीच नाही. ती आली मंगळवारी सकाळी, प्रिंगलच्या फोनमध्ये.

प्रिंगल आमच्या इस्टेटीचा कारभारी. मालक लंडनला असतात, वर्षातून दोन आठवडे येतात, बाकी सगळं हाच बघतो. माणूस वाईट नाही, पण डोंगरावर चढताना त्याला मी कधी पाहिलं नाही. डोंगर भटकणाऱ्या कुणीतरी तो व्हिडिओ काढून मालकांना पाठवला होता. मादी तीन पायांवर चालली होती. चौथा, पुढचा, कातडीवर लोंबत होता. मागे तिचं यंदाचं पिल्लू होतं.

"फार्कर, हे काय आहे?"

फार्करनं चष्मा लावून ते दोनदा पाहिलं. "गोळी," तो म्हणाला. "शिशाच्या होत्या तोवर असं कधी झालं नाही साहेब. ही तांब्याची गोळी आत जाऊन फुलतच नाही. सुईसारखी आरपार जाते. माझी तीनशे आठ मापाची आता पुरत नाही. मोठ्या मापाची बंदूक पाहिजे."

मी चहा ओतत होते. हाडाचा चुरा झालेला पाय गोळी फुलली नाही म्हणून लोंबत नसतो. तो नेम खाली गेला म्हणून लोंबतो. हे मला समजतं, फार्करला माझ्यापेक्षा जास्त समजतं. प्रिंगलला समजत नव्हतं आणि फार्कर त्याचाच फायदा घेत होता. एकतीस वर्षांत हा माणूस माझ्यासमोर खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"गोळीचा दोष असेल तर इस्टेट पैसे देईल," प्रिंगल म्हणाला. "पाहिजे त्या मापाची घ्या. पण माणसाचा दोष असेल तर मग आपल्याला वेगळं बोलावं लागेल. मालकांना दुसरा व्हिडिओ नकोय. कोणतं माप आणि का, तेवढं लिहून सहीनिशी शुक्रवारपर्यंत द्या."

'वेगळं बोलणं' म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. हे घर नोकरीचं आहे. नोकरी गेली की तीन महिन्यांत चावी परत.

संध्याकाळी खिमा-बटाटे खाताना त्यानं बंदुकांचा कॅटलॉग ताटाशेजारी उघडून ठेवला. "तीनशे मॅग्नम," तो म्हणाला. तिचा आकडा तीनशे आठपेक्षा लहान, पण काडतुसात दारू जास्त आणि झटकाही जास्त. "हिच्यापुढे हत्ती उभा राहायचा नाही."

"आपल्या खोऱ्यात हत्ती कधी दिसला तुला?"

"चेष्टा करू नकोस."

"मग दोनशे त्रेचाळीस घे. खांद्याला झटका कमी, कायद्यात बसते. भोक जागेवर पडलं की हरीण माप कुठे विचारतं?"

त्यानं काटा खाली ठेवला. "दोनशे त्रेचाळीस! ती बायकांची आणि शहरातल्या पाहुण्यांची बंदूक. त्यापेक्षा मला एक झगा शिवून दे."

"चौकडीचा झगा तर तू लग्नातही घातला होतास."

"तो किल्ट होता, म्हातारे," तो म्हणाला आणि हसला. पण हसताना उजवा खांदा आखडलेला होता. दोन हिवाळ्यांमागे ओढ्यातल्या बर्फावरून पाय घसरून तो खांद्यावर आदळला होता. गळपट्टीचं हाड मोडलं. बंदुकीचा दस्ता नेमका तिथेच टेकतो. डॉक्टर म्हणाले बरा झाला, हाही म्हणाला बरा झाला. रात्री तो त्या कुशीवर झोपत नाही हे फक्त मला माहीत होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शिकारीला आलेला पाहुणा कितीही मोठा असो, डोंगरावर नेण्याआधी त्याला घरामागच्या लोखंडी हरणावर गोळ्या झाडाव्या लागतात. त्याची बंदूक फार्कर स्वतः भरतो आणि जिवंत काडतुसांत एक मेलेलं सरकवतो. आत दारू नाही, बुडावर कानशीची बारीक खूण, बाकी हुबेहूब. पाहुणा चाप ओढतो, नुसता टक् आवाज होतो. नळी जागची हलली नाही तर माणूस डोंगरावर न्यायच्या लायकीचा. नळी खाली गेली, म्हणजे झटक्याच्या भीतीनं तो आधीच दचकतो. अशा माणसाची भारी बंदूक फार्कर गोड बोलून बाजूला ठेवतो आणि पाहुण्यांच्या लॉजमधली जुनी दोनशे त्रेचाळीस त्याच्या हाती देतो. मग घरी येऊन मला साग्रसंगीत नक्कल करून दाखवतो. मोठमोठे वकील, बँकवाले, एक निवृत्त कर्नलसुद्धा. आम्ही पोट धरून हसायचो. ते मेलेलं काडतूस स्वयंपाकघरात चहाच्या जुन्या डब्यात असतं.

बुधवारी सकाळी तो म्हणाला, "चल, तुला दाखवतो. बंदूक सरळ मारते, दोष गोळीचाच आहे. तू दुर्बीण धर."

माझ्याही नावावर परवाना आहे. खांदा मोडल्यापासून त्याच्या बंदुकीत गोळ्या मीच भरते. त्या दिवशीही भरल्या. एक जिवंत, मधे मेलेलं, वर जिवंत. मग डब्याचं झाकण लावलं. चोरी करतेय असंच वाटत होतं.

"तीन?" त्यानं विचारलं.

"तीन."

त्यानं बघितलंही नाही. आपल्याच बायकोनं भरलेली बंदूक कोण तपासतं?

तो ओल्या गवतावर पालथा झाला. पहिली गोळी लोखंडी हरणाच्या पोटात वाजली. "वारा," तो म्हणाला. गवताचं पातं हलत नव्हतं. मी दुर्बीण खाली केली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागले. त्यानं खटका मागेपुढे केला, श्वास सोडला, चाप ओढला. टक्.

नळी वीतभर खाली गेली. खांदा कानापर्यंत आला. आणि डोळे गच्च मिटलेले होते. लहान मूल सुई टोचताना मिटतं तसे.

 तो उठून बसला, काडतूस बाहेर काढलं आणि बुडावरच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"चहाच्या डब्यातलं?"

"हो."

"कधीपासून मनात होतं?"

"गेल्या हंगामापासून."

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते आणि दोघं मोकळे झालो असतो. तो फक्त म्हणाला, "गोळी सुटायच्या आधीच दुखतं गं. दुखणार म्हणून दुखतं." काडतूस खिशात टाकून तो घरात गेला आणि दुपारभर धार असलेल्या सुऱ्यांना धार लावत बसला. मी काय केलं होतं? नवऱ्याला पाहुण्यांच्या रांगेत उभं केलं होतं. मला माझी लाज वाटली आणि त्या चार माद्या आठवून त्याचा रागही आला, दोन्ही एकदमच.

गुरुवारी उजाडायच्या आत तो जनावराचा माग काढणाऱ्या आमच्या कुत्रीला घेऊन गेला. तीनशे आठ खुंटीला होती. लॉजच्या कपाटातली दोनशे त्रेचाळीस नेली होती.

तो परतला दिवेलागणीला. गाडीत ती मादी होती आणि पिल्लूही. आईमागे पिल्लू ठेवत नाहीत, हिवाळा काढत नाही ते. दोघांनाही पुढच्या पायामागे एकेक भोक होतं, जिथे असायला हवं तिथे. मादीला त्यानं स्वतःच आकड्याला लावलं आणि माझ्याकडे वळला.

"पाय बघ तिचा."

"पाहिलाय फोनवर."

"फोनवर नाही. हातात घेऊन बघ."

मी घेतला. सहा दिवस तिनं तो ओढला होता. त्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

हातपाय धुऊन तो टेबलाशी बसला. घरातली कागदपत्रं मीच लिहिते, त्याचं अक्षर कुणाला लागत नाही. कोरा कागद त्यानंच माझ्यापुढे सरकवला.

"लिही. माप, दोनशे त्रेचाळीस."

लिहिलं. माझ्या जिवात जीव आला. "आणि कारण?"

खिशातलं मेलेलं काडतूस काढून त्यानं टेबलावर उभं केलं. "कारण, फार्कर मॅकलेनन चाप ओढताना डोळे मिटतो. खांदा मोडल्यापासून. व्हिडिओतली मादी त्याच्या चुकीनं जखमी झाली. गोळीचा दोष नाही."

मी पेन खाली ठेवलं. "एवढं कशाला? 'झटका कमी' लिहिते. तेही खरंच आहे."

"मंगळवारी हत्तीची बंदूक मागणारा शुक्रवारी लहान का मागतो, हे प्रिंगल विचारेल."

"विचारू दे. त्याला बंदुकीतलं काय कळतंय?"

"तुला कळतं ना?"

मग माझा तोल गेला. मी म्हणाले, तू एकसष्टचा, मी अठ्ठावन्न, तीन महिन्यांत जायचं कुठे? इन्व्हरनेसला माझ्या बहिणीच्या माळ्यावर? कुत्रीला तिथे घेतील? लहान बंदुकीनं तू आज दोन्ही जनावरं नीट मारलीस ना, मग झालं की! आता कुणाला सांगून काय मिळणार आहे? तुझा खरेपणा काय छपरावर घालायचाय? हे सगळं मी बोलले, जिनं आदल्याच दिवशी त्याच्या बंदुकीत मेलेलं काडतूस भरलं होतं ती मी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग काडतुसाला बोट लावून म्हणाला, "इशी, काल यात दारू नव्हती तेव्हा मला बघायला लावलंस. आज या कागदात आहे. आता तूही डोळे उघडे ठेवून बघ."

मी लिहिलं. शब्दही बदलला नाही. त्यानं सही केली, आणि शुक्रवारी कागद प्रिंगलच्या हातात दिला. प्रिंगलनं तो उभ्यानं वाचला, घडी घातली. "मालकांना पाठवतो," म्हणाला. "ते तुम्हाला पत्रानं कळवतील."

त्याला आता बारा दिवस झाले. फार्कर ती जुनी दोनशे त्रेचाळीस घेऊन रोज जातो. त्यानंतर सात माद्या आल्या, सातही भोकं जागेवर. खाटीक खूश आहे. माझ्या केसांना वास येत नाही.

पोस्टाची लाल गाडी साडेअकराच्या सुमारास पुलावर दिसते. आमच्या फाटकाशी कधी थांबते, कधी पुढे जाते. मी खिडकीशी असते. ती वेग कमी करू लागली की माझे डोळे आपोआप गच्च मिटतात, आणि चाकं थांबली की गेली हे ऐकू येईपर्यंत मला ते उघडवत नाहीत.