पुसून ठेवलेलं पत्रक

आमच्या शाळेत तास संपला की फळा स्वच्छ पुसल्याशिवाय शिक्षक वर्गाबाहेर पडत नाही. पुढच्या तासाला येणाऱ्याला कोरा फळा मिळायला हवा, ही मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची शिस्त. एकदा इतिहासाचे सर अर्धा फळा तसाच सोडून गेले, तर बाईंनी त्यांना परत बोलावून मुलांसमोर हातात डस्टर दिलं होतं. मी शिवणकाम शिकवते. माझं फळ्यावरचं लिहिणं ते किती? बाहीचा आकार, बाजूला दोन मापं, संपलं. तरी एकोणीस वर्षांत मी एकदाही फळा न पुसता दार ओलांडलेलं नाही. हे आधी सांगते, कारण त्या शुक्रवारी जे झालं ते या सवयीनं झालं.

शिक्षकांसाठी संगणकाचं प्रशिक्षण होतं. पाच दिवस, शाळा सुटल्यावर, तीन ते पाच. शिकवायला बाहेरून एक सर आले होते. चाळिशी उलटलेले, खिशाला तीन पेनं. दर वाक्याआधी म्हणायचे, "एक टीप लिहून घ्या." दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे त्यांना टीपवाले सर म्हणायला लागले.

"बाई, तुम्हाला काय अवघड?" गणिताचे सर मला चिडवायचे. "तुमचं तर आयुष्यच टिपा घालण्यात गेलं."

मशीनवरची टीप मी डोळे मिटून घालीन. ही टीप ऐकली की नुसतेच डोळे मिटावेसे वाटत. मला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, सव्विसाव्या वर्षी, नणंदेकडून. अजूनही छापील मजकूर समोर आला की मी आधी घाबरते आणि मग वाचते. इथं तर पडदाभर मजकूर, आणि तोही हलणारा. संध्याकाळी घरी गेले की आमचे हे विचारायचे, "आज काय मोडलंस?" मी म्हणायची, "अजून काही नाही." त्या 'अजून'चीच मला रोज धास्ती.

त्याच आठवड्यात शेवटच्या वर्गाचे शाळेतले गुण परीक्षा मंडळाला पाठवायचे होते. दोनशे बारा मुलं, नऊ विषय. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ज्याचे गुण पोचणार नाहीत त्याला वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, असं मंडळाच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मोठ्या बाईंनी ठरवलं की सराव आणि काम एकदमच उरकू. कोपऱ्यातल्या संगणकावर एक पत्रक तयार केलं. डाव्या बाजूला मुलांची नावं, पुढे विषयांचे रकाने. पाळीपाळीनं तिथं बसायचं आणि आपला रकाना भरायचा. सोमवारी गणित, मग भाषा, विज्ञान, असं करत करत शुक्रवारी शेवटचा नंबर माझा.

तीन वाजता बसले. एका बोटानं दोनशे बारा आकडे भरले. प्रत्येक आकडा माझ्या हजेरीपटाशी ताडून पाहिला. चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचा आकडा पडला तेव्हा मान आखडली होती, पण मन खूश होतं. टीपवाले सर आदल्याच दिवशी म्हणाले होते, काहीही केलं की लगेच जपून ठेवा. मी कार्डावर लिहून घेतलेलं पाहिलं, 'कंट्रोल आणि एस', आणि दोन्ही बटणं दाबली. जपून ठेवलं.

साडेचारला प्राथमिकच्या शिक्षकांचा गट यायचा होता. त्यांनाही हाच संगणक लागणार. समोर पडदा आकड्यांनी गच्च भरलेला. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. मुलांनी वहीत उतरवून घेतलं की फळ्याचं काम संपतं. गुण आत जपून ठेवले गेले, आता वरचं पुसायचं. पुसायची टीपही त्याच दिवशी मिळाली होती. कंट्रोल आणि ए, सगळं निवडलं गेलं. डिलीट, सगळं गेलं. पडदा कसा लख्ख झाला. आणि काहीही केलं की जपून ठेवायचं, म्हणून पुन्हा कंट्रोल आणि एस.

तीन टिपा, एकही अडखळ नाही. मी स्वतःवरच खूश होऊन पर्स उचलली.

टीपवाले सर दारातून डोकावले. ते ऑफिसकडे निघाले होते.

"झालं बाई? छान. पत्रक तसंच उघडं राहू द्या हं. पाच वाजता आहे तसंच मंडळाला पाठवायचंय."

आणि गेले.

आहे तसंच. मी पडद्याकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. वाटलं, आत असेल, कुठंतरी आत असेल. आत म्हणजे कुठं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. मी माउस वर फिरवला, खाली फिरवला. चौकोन, चौकोन, रिकामे चौकोन. नावंही नव्हती. खाली खाली जात राहिले, जणू तळाशी एखादं पोर सापडेल.

खोलीत माझ्याशिवाय फक्त गणिताचे सर होते, खिडकीपाशी वह्या तपासत. बाकीचे चहाला गेलेले. भिंतीवर चार वाजून अठरा मिनिटं.

मी परत बसले. हजेरीपट उघडला आणि पहिल्यापासून भरायला लागले. नाव, गुण. नाव, गुण. घाईत एकाच्या जागी दोन अक्षरं उमटत, ती खोडून पुन्हा लिहीत होते. आपल्याला किती वेळ लागेल याचा विचार मी मुद्दामच करत नव्हते. करायला घेतला असता तर तिथंच हात गळाले असते.

एकतीस नावं झाली. बत्तिसावं नाव एका मुलीचं होतं. गेल्या वर्षी ऐन परीक्षेत आजारी पडली, वर्ष गेलं. या वर्षी पुन्हा त्याच बाकावर बसते, आपल्याहून लहान पोरींमध्ये, मान खाली घालून. काज इतकं सुरेख करते की मशीननं केलं असं वाटावं. तिचे शिवणाचे गुण माझ्याकडे होते, पन्नासपैकी सत्तेचाळीस. गणिताचे? विज्ञानाचे? ते मी कुठून आणणार होते? आठ शिक्षकांनी चार दिवस बसून जे भरलं होतं, ते मी एका बोटानं पुसलं होतं. आणि पाचला फक्त पंचवीस मिनिटं होती.

त्या मुलीच्या घरी जाऊन कोणीतरी सांगणार, की यंदाही नाही. कारण काय, तर शिवणाच्या बाईंनी फळा पुसला.

संगणकाच्या मागे भिंतीवर विजेचं बटण होतं. खरं सांगते, माझा हात तिकडे गेला. बंद केलं तर काय होईल? काही नाही. संगणक बंद पडला, म्हणेन. यंत्र आहे, बंद पडतंच. मी उठून गेले तेव्हा सगळं नीट होतं, म्हणेन. कोणी पाहिलं होतं? अंगठा बटणावर टेकला. बटण गार होतं, की माझा हातच गार पडला होता, कोण जाणे.

"काय बाई, साफसफाई?" गणिताचे सर वहीतून मान वर न करता म्हणाले.

मी दचकून हात मागे घेतला. त्यांना काही दिसलं नव्हतं, ते आपले सहज बोलले होते. पण मला वाटलं, सगळ्या शाळेनं पाहिलं.

"सर," मी म्हटलं. "सर, जरा इकडे या."

"काय झालं? उंदीर?"

"मी पुसलं."

"काय पुसलं?"

"सगळं."

ते आले, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं. एरवी त्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर एक टोमणा तयार असतो. त्या वेळी नव्हता. ते पळतच बाहेर गेले. मी तिथंच, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. बटणाकडे पाहायचं नाही, असं स्वतःला बजावत.

टीपवाले सर आले ते धावतच.

"प्रत असेलच की," गणिताचे सर त्यांच्या मागून म्हणत होते. "पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, आधी प्रत काढा, मग काम करा. मी लिहूनही घेतलंय."

टीपवाल्या सरांनी खिशातली पेनं उगाच सारखी केली.

"सर?"

"आज एकदमच काढणार होतो," ते म्हणाले. "सगळे रकाने भरून झाल्यावर."

आतापर्यंत मी एकटी घाबरले होते. आता शिकवणाराच घाबरलेला पाहिला, आणि पायाखालची उरलीसुरली जमीनही गेली.

"बाई, संगणक बंद केला होतात?"

"नाही."

"फाइल? वरची फुली दाबलीत?"

"नाही. हात गेला होता. केलं नाही."

"हात लावू नका. कोणीच काही लावू नका." ते माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले. "जपून ठेवलं म्हणून मागचं लगेच जात नाही. फाइल बंद केली की जातं. जे जे केलं ते उलट्या क्रमानं परत घेता येतं. पुसल्यावर काय काय केलंत?"

"माझे गुण परत भरत होते."

"किती?"

"एकतीस नावं. एकतीस गुण."

"बासष्ट. शंभर पायऱ्यांपर्यंत मागे जाता येतं. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?" गणिताचे सर म्हणाले.

"म्हणजे बहुतेक!"

त्यांनी कंट्रोल आणि झेड दाबलं. माझा शेवटचा आकडा गेला. पुन्हा दाबलं, नाव गेलं. एकतीस मुलं मी परत आणली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून नाहीशी व्हायला लागली. गणिताचे सर मोठ्यानं मोजत होते, वर्गात पाढे म्हणावेत तसे. चाळीस. पन्नास. बाहेर व्हरांड्यात प्राथमिकच्या बायकांचे आवाज येऊ लागले. साठ. एकसष्ट. बासष्ट.

पडदा कोरा. काहीच आलं नाही.

सरांचं बोट बटणावर तसंच थांबलेलं.

"मध्ये खोडलं होतं," मी म्हटलं. "अक्षरं चुकत होती. काही नावं दोनदा लिहिली."

"किती?"

"माहीत नाही. देवाशपथ, माहीत नाही."

त्रेसष्ट. एक अर्धवट नाव उगवलं. चौसष्ट, ते गेलं. पासष्ट, पुन्हा एक. सहासष्ट, कोरं. सरांच्या कपाळावरून घामाचा थेंब सरळ कीबोर्डवर पडला. मी मनात त्या बत्तिसाव्या नावाचीच आळवणी करत होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

सदुसष्ट.

पडदा भरला. एका क्षणात, काठोकाठ. नावं, आकडे, नऊच्या नऊ रकाने. गणिताच्या सरांनी खुर्ची ओढली आणि मटकन बसले. टीपवाले सर मात्र उठलेच नाहीत. तिथंच गुडघ्यावर राहून त्यांनी आधी एक प्रत काढली, मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यात दुसरी. मी खाली जाऊन बत्तिसावं नाव पाहिलं. मग दोनशे बारावं. मग पुन्हा बत्तिसावं.

पाचला दहा कमी असताना मोठ्या बाई दारात.

"प्राथमिकच्या बाई बाहेर ताटकळल्यात. आणि तुम्ही तिघं असे घामाघूम का?"

"सराव चालला होता," टीपवाले सर म्हणाले.

तेवढ्यावर निभावलं असतं. मोठ्या बाई वळायलाही लागल्या होत्या. पण माझ्या छातीत अजून धडधडत होतं, आणि हे घरी घेऊन गेले तर रोज धडधडेल, हे मला कळत होतं.

"बाई, मी पत्रक पुसलं होतं. सगळं. फळा पुसतो तसं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग सरांकडे.

"मग प्रत होती ना?"

टीपवाले सर आपल्या बुटांकडे पाहायला लागले.

"आता दोन आहेत," गणिताचे सर म्हणाले.

मोठ्या बाई स्वतः संगणकासमोर बसल्या आणि पाचला चार मिनिटं असताना पत्रक पाठवलं. मग मला म्हणाल्या, "माझ्या खोलीत या."

त्यांच्या खोलीत मी उभीच होते. मंडळाची पोच यायची होती. त्या पडद्याकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे. पाच वाजले. पाच वाजून पाच. एक रकाना सरकला असेल तर? एखादं नाव सुटलं असेल तर? आम्ही तिघांनी पाहिलं होतं, पण आम्ही तिघंही घाबरलेले होतो, आणि घाबरलेल्या माणसाला काय दिसतं?

पाच वाजून अकरा मिनिटांनी संगणकानं बारीकसा आवाज केला. बाईंनी चष्मा लावला.

"दोनशे बारा विद्यार्थी," त्यांनी वाचलं. "नऊ विषय. सर्व गुण मिळाले."

मी खुर्चीचा आधार घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणाला सांगितलं नसतं तर काय केलं असतं?"

"संगणक बंद केला असता."

"आणि मग?"

"आणि घरी जाऊन सांगितलं असतं, की आज डोकं दुखतंय, जेवत नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "सोमवारी प्राथमिकच्या गटाला हे तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून. सगळं, त्या बटणासकट."

तीस शिक्षकांपुढे उभं राहून बोलायचं. मी हो म्हटलं.

मग म्हटलं, "बाई, ती पोच एकदा मला वाचू द्या."

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. मी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचली. दोनशे बारा. मग परत पहिल्यापासून वाचली.