तारेच्या तोंडाशी शंभर ओम

नांगरलेली पट्टी. ढेकळं मऊ.

छातीच्या उंचीवर ताणलेला पांढरा दोरा.

"भजी गरम हायेत, बापू!"

ट्रॅक्टरची बॅटरी, ट्रॅक्टराविना.

हैदराबादहून आणलेली वेगवान चिप.

हे सगळं एकाच घड्याळासाठी.

इचोड्यात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मारोतीनं ते १९९३ साली तामसीच्या शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, बनवलं. जोडी सुटताना पहिला दोरा तुटतो, लाल आकडे पळू लागतात. धावेच्या शेवटी दुसरा तुटतो, लांब तारेतून इशारा येतो, आकडे थांबतात.

थांबायला हवेत.

सकाळच्या चाचणीत थांबले, आणि लगेच पुन्हा पळाले.

"जोडी घरी जाऊन कडबा खाऊन राह्यली," डोमाजीकाका म्हणाले, "अन् तुयं घड्याळ पळूनच राह्यलं!" पटात स्टॉपवॉच दाबायचा मान इतकी वर्षं मारोतीच्या या चुलत्याचाच होता.

पंच अमृतराव हसले नाहीत. "मारोती, दुपारच्या पयल्या जोडीपर्यंत नीट कर. नाईतर काकाचं स्टॉपवॉच हायच."

चूक मारोतीचीच. पटासाठी म्हणून त्यानं मिळेल ती सर्वांत वेगवान चिप आणली. पटात मंद कोण आणतं? पण तिचा इशारा एका झटक्यात उसळायचा, तारेच्या टोकाला आपटून मागे फिरायचा, पुन्हा यायचा. दोरा तुटे एकदाच. घड्याळाला वाटे, दोनदा तुटला. पहिल्याला थांबे, दुसऱ्याला सुटे.

उपाय छोटा होता. शेवटच्या दोऱ्यापाशी, तार जिथून निघते तिथंच, एक शंभर ओमचा रेझिस्टर.

मैदानात वीज नव्हती. भजीवाल्या तुळजाबाईनं चुलीत सोल्डरची सळई तापवू दिली. "कढईत पडली तर तुलेच खाऊ घालीन," म्हणाली.

"एवढुसं?" काका वाकले. "हे काय करते?"

"काका, दोरा तोडला का जोडी नांगरटीत घुसते अन् तिथंच थंडी पडते ना? मागं वळत नाई. तसंच इशाऱ्याचं."

"म्हंजे विजेलेबी नांगरट लागते!"

दुपारी आकडे थांबले. पुढच्या जोडीलाही. मारोतीनं तेव्हा कुठं भजी खाल्ली.

पहिल्या नंबरासाठीच्या शेवटच्या दोन जोड्या, काकांनी सवयीनं दाबलेल्या स्टॉपवॉचवर, अगदी बरोबरीत आल्या. अशा वेळी दोन्ही पुन्हा पळवायच्या, हीच रीत. मारोतीच्या आकड्यांत मात्र सेकंदाच्या एका शतांशाचा फरक होता.

"काय करू?" अमृतरावांनी काकांनाच विचारलं.

काका बैलांकडे बघत राहिले. तोंडांना फेस, पोटं भात्यासारखी हलत होती.

"दमले बिचारे. काऊन पळवता पुन्हा?" त्यांनी स्टॉपवॉच बंडीच्या खिशात टाकलं. "याचं घड्याळ धरा. अन् मले भजी आणा कोणी, या कार्ट्यानं सगळी संपवली."

अमृतरावांनी निकाल पुकारला.

मारोतीच्या घड्याळाची ती लांब तार पुरायची नाली आदल्या संध्याकाळी डोमाजीकाकांनी एकट्यानं खणली होती.