छातीवरचा पांढरा डाग

तीन वर्षांत पहिल्यांदाच गंगम्मांनी सुनेच्या दुधात साय टाकली. महानंदाने पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. आजवर या घरात तिला लागणारा दम म्हणजे कामचुकारपणा ठरला होता. मग आजच ही साय कुठून आली?

"पी की! औरंगाबादला जायचंय, अंगात ताकद नको?" सासूबाई म्हणाल्या.

१९७४ सालचा, गंगाखेडातला हा बुधवार. सासरे सांबप्पांचं भुसार दुकान पुढे आणि घर मागे. शुक्रवारी अकरा वाजता हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी सुनेला तपासायला बोलावलं होतं. घागर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. त्याला "सोंगं" म्हणणारं घर परभणीहून एक्स-रे आल्यावर एकाएकी बदललं. सांबप्पांनी तो दुकानाच्या दारात उजेडावर धरला. छातीच्या मधोमध रुपयाएवढा पांढरा डाग! "मालक, काळजाला भोक हाय," धान्य मापणाऱ्या आश्रुबाने निदान केलं आणि अख्ख्या बाजाराला ते पटलं. सोबतची परभणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत होती, ती वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

त्या दिवसापासून सगळे गोड बोलू लागले. अति झालं की माणसाला शंका येतेच. नवरा नागनाथ तर पिशवी स्वतःच भरत होता. "कागदं मी बघतो, तू हात लावू नको," हे त्याने दोनदा बजावलं आणि गाडीची वेळ विचारायला स्टेशनवर गेला.

पण दम केव्हा आणि कशाने लागतो ते लिहून आणा, असं मोठ्या डॉक्टरांनी कळवलं होतं. महानंदा माहेरी, बोरीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिने ते लिहिलं आणि ठेवायला पिशवी उघडली.

आत सासऱ्यांच्या अक्षरातला एक कागद होता. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. रोग लग्नाआधीचा आहे का? मूल होईल का? होणार नसेल तर तसं लिहून द्याल का? ती बरी कशाने होईल, हे मात्र कुठेच नव्हतं. खाली चुडाव्याहून आलेलं पोस्टकार्ड होतं. 'सुनेला कायमची माहेरी पाठवायचं नक्की झालं की कळवा. आमची मुलगी अंगाने धडधाकट आहे.'

टाकून दिलेल्या बायका तिने बोरीत पाहिल्या होत्या. भावाच्या ओसरीवर डाळ निवडता निवडता त्या म्हाताऱ्या झाल्या. तिचाही नंबर लागला होता.

मग तिने एक्स-रे काढला आणि खिडकीशी नेला. आजवर तो कुणी तिच्या हाती दिलाच नव्हता. डागाच्या दोन्ही अंगांनी बारीक कड्यांची रेघ मानेपर्यंत गेलेली. भोकाला साखळी कुठली? तिचा हात आपोआप छातीशी गेला. लिंगायत माणूस जन्मभर गळ्यात बाळगतो ती इष्टलिंगाची चांदीची डबी, चांदीच्याच साखळीत. परभणीला फोटो काढणाऱ्याने गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं, तेव्हा तिने मंगळसूत्र काढलं आणि डबी चोळीत आत सरकवली. लिंग अंगावेगळं करायचं नाही, ही सासूबाईंची ताकीद होती.

दिवे लागायच्या आधी घरची माणसं जमली. महानंदाने डबी लुगड्यावर ओढली आणि तिच्यावर एक्स-रे धरला. डागावर डबी नेमकी बसली.

"अगं बया! म्याच बजावलं होतं की तुला," गंगम्मा कपाळावर हात मारून म्हणाल्या.

सांबप्पा पोट धरून हसले. "म्हंजे भोक न्हाईच! नागनाथ, शुक्रवारचं ऱ्हाऊ दे. खर्च वाचला."

"दम तर लागायलाच लागलाय, मामा," महानंदा म्हणाली. "मी जाणार. बोरीला आमच्या आप्पांला निरोप धाडलाय, परभणीच्या ठेसनावर ते भेटतील. लिंग दंडाला बांधीन अन् फोटो नीट काढून घेईन." तिने पोस्टकार्ड सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं. "एकच सांगा. डाग खरा असता तर?"

सांबप्पांचं हसू विरलं. सुनेला कायमची घालवायची म्हणूनच तिला साय दिली, हे गंगम्मांना ठाऊक होतं आणि आता त्यांची मान वर होईना.

नागनाथने घाईने पिशवीतला प्रश्नांचा कागद काढला. "हे फाडून टाकतो. डागदर काय म्हन्तील?"

महानंदाने तो त्याच्या हातून घेतला आणि आपल्या कागदाला टाचणीने जोडला.

"ऱ्हाऊ द्या. दम कशानं लागतो ते लिहून आणा म्हणले ना ते? आज हे वाचून लागला."

गुरुवारी दुपारी पिशवी खांद्याला लावून ती उंबरठा ओलांडून गेली. कुणी अडवलं नाही. अडवायला तोंड कुणाला होतं?