आधी सही, मग सुई

मान आखडली म्हणून कोपरला राहणाऱ्या विनिता साळवी ठाकुर्लीला प्रीतमगुरुजींच्या सुयांच्या दवाखान्यात गेल्या. भिंतभर गुरुजींचेच सत्काराचे फोटो होते. गुरुजींनी आधी एक इंग्रजी कागद पुढे सरकवला.

"उपचारातले सगळे धोके समजावून सांगितलेत, असं त्यात लिहिलंय. सही करा."

"पण तुम्ही तर अजून काहीच सांगितलं नाहीत."

"मॅडम, शंका घेतली की एनर्जी अडते."

मागे बाकावर बसलेले दौलतराव करवादले, "अहो, करा ना सही! आम्ही काय इथे मुक्कामाला आलोय?"

विनिताबाई सोसायटीच्या सेक्रेटरी. न वाचता सह्या करणाऱ्यांची भांडणं मिटवण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रक्त पातळ करायची गोळी घेते मी. सुया चालतील?"

सुयांच्या डबीकडे गेलेला गुरुजींचा हात झटकन मागे आला. "हे आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"तुमचं शरीर अजून उपचाराला तयार नाही," असं गंभीरपणे सांगून गुरुजींनी दौलतरावांना हाक मारली.

दौलतराव उठले, पुन्हा बसले आणि बायकोला फोन लावून हळूच म्हणाले, "अगं, ती माझी सकाळची गोळी... ती कशाची गं?"