आठशे खाटांची अट

आमच्या तोरू-बुलाकला आशियाई पट्टा-कुस्तीची स्पर्धा भरवायचं खूळ महापौर तोलुबायच्या डोक्यात मी घातलं. मला ना कुस्तीतलं काही कळत, ना गावाच्या नावलौकिकाची पडलेली. मला ती स्पर्धा एका म्हाताऱ्यासाठी हवी होती.

तो म्हातारा म्हणजे माझे बाबा, मोल्दोकुल पैलवान. त्यांची नात, माझी जिपार, घाटापलीकडे राजधानीत बिश्केकला क्रीडा वसतिगृहात राहून कुस्ती शिकली. पोरगी पदकं आणते, ती बाबांच्या उशाशी टांगलेली असतात, पण तिला लढताना बाबांनी तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं. हृदय इतकं नाजूक झालंय की डॉक्टरने बजावलं, घाट चढवून नेलंत तर पलीकडे मयत उतरवून घ्याल. टीव्हीवर मुलींच्या कुस्त्या कोण दाखवतो? उन्हाळ्यात ती घरी येते, पण कुस्तीला दोघी लागतात आणि आमच्या गावात तिच्याशी भिडेल अशी दुसरी नाही. पोरांशी अंगणात झोंबली असती, तर माझ्या सासूने थडग्यातून उठून मला झोडपलं असतं.

बाबा एकच म्हणायचे, "बुरुलचा, पदकं भिंतीला कळतात. मला ती पाय कसा टाकते ते बघायचंय."

म्हणून मी तोलुबायला चढवला. त्याला चढवायला फार कष्ट लागत नाहीत. अर्ज गेला आणि महासंघाकडून अटींचा गठ्ठा आला. विमानतळ हवा, हॉस्पिटल हवं, तीन हजार खुर्च्यांचं सभागृह हवं आणि पाहुण्यांसाठी आठशे खाटा.

गावातलं एकमेव हॉटेल माझं. खोल्या अकरा. गरम पाणी दोन खोल्यांत, तेही आदल्या दिवशी सांगितलं तर.

"विमानतळ आहे," तोलुबाय म्हणाला.

"कुठे रे?"

"फवारणीची विमानं उतरायची ती पट्टी. मेंढ्या हाकलल्या की झाला विमानतळ."

"आणि हॉस्पिटल?"

"दाताचा डॉक्टर दर मंगळवारी येतो की! एजे, थोरली ताई आहेस, खुसपटं काढू नकोस. खाटांचं काय करायचं तेवढं बोल."

खाटांचं त्यानेच शोधून काढलं. आमच्याकडे प्रत्येक घरात लग्नात आलेल्या गाद्यांची चळत छताला टेकलेली असते. जिची चळत बुटकी, तिचं माहेर कंजूष. तोलुबायने हिशेब केला, आठशे कसले, तोरू-बुलाक दोन हजार माणसं झोपवेल. मग त्याने बायकांची सभा बोलावली आणि फर्मान काढलं, तपासणीच्या दिवशी प्रत्येक घर म्हणजे हॉटेल. दारावर नंबर, दाराला कुलूप, उशाशी टॉवेल.

"आणि मुख्य म्हणजे, पाहुण्याला एकटं सोडायचं. पगार विचारायचा नाही, पोरंबाळं विचारायची नाहीत, आणि जेवायला घालायचं नाही. फक्त चहा!"

केन्जेगुल म्हातारी उठली. "जेवायला नाही, बोलायचं नाही, वर कुलूप. पाहुणा म्हणतोस त्याला? कैदी म्हण की."

"हॉटेलात असंच असतं, आजी!"

"मग लोक पैसे कशाचे देतात?"

तोलुबायने हॉटेलवाली म्हणून माझ्याकडे बोट केलं आणि मी चहा आणायला उठले.

तपासणीला अल्माटीहून एकटी बाई आली. झाउरे खानम. पंचेचाळिशीची, खांदे दरवाजाएवढे, कान चुरगळून पुन्हा सरळ केल्यासारखे. गाडीतून उतरली तीच मोजपट्टी हातात घेऊन. धावपट्टीवरच्या मेंढ्या बघितल्या आणि वहीत टिपलं. सभागृहाचं छत बघितलं, तेही टिपलं. तोलुबाय मात्र तिच्या वाटचंही बोलत होता.

पहिलं घर केन्जेगुलचं. दारावर नंबर लावलेला, टॉवेल घडी केलेला, सगळं शहाण्यासारखं. आणि आत, आख्खा मेंढा शिजलेला.

"आजी, फक्त चहा ठरला होता ना?" तोलुबाय तिच्या कानात फिसकारला.

"चहाबरोबरच आहे."

मानाच्या बाईला आमच्याकडे शेपटाकडचा तुकडा वाढतात, चरबीने थलथलणारा. तो नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं, आणि कझाख बाईला हे आम्ही सांगायची गरज नव्हती. झाउरे खानमने मोजपट्टी बाजूला ठेवली आणि तुकडा संपवला. मग हात धुऊन म्हणाली, "आता खोली दाखवा."

ती आत गेली आणि केन्जेगुलने कौतुकाने कुलूप लावून दाखवलं. बाहेरून. सगळ्या गावाने बाजारातल्या एकाच दुकानातून तबेल्याची कुलपं आणली होती. ती बाहेरून लागतात, कारण घोडा आतून कुलूप लावत नाही.

"उघडा!" आतून आवाज आला.

"पक्कं आहे बघा, खानम! चोराच्या बापालाही उघडायचं नाही!" केन्जेगुल बाहेरून ओरडली. आणि किल्ली सुनेकडे, सून दुकानात.

सून येईपर्यंत केन्जेगुलने दाराच्या फटीतून पगार विचारला, नवरा कुठे असतो विचारलं आणि तो नाही म्हटल्यावर आपल्या विधुर दिराची माहितीही दिली.

दुसऱ्या घरी मेंढा. तिसऱ्या घरी मेंढा. प्रत्येकीला वाटलं होतं, बाकीच्या तोलुबायचं ऐकतील, आपण एकट्याच गावाची अब्रू राखू. आणि ज्या घरी गेली तिथे तोच शेपटाकडचा तुकडा. माझ्या घरी पोचेपर्यंत बाईच्या कपाळावर चरबीचा घाम फुटला होता आणि तोलुबायचा चेहरा मेंढ्याच्या शिजलेल्या मुंडक्यासारखा झाला होता.

मेंढा मीही कापला होता. मी काय गावाबाहेरची आहे?

अंगणात गाद्या अंथरल्या होत्या, भिंतीला टेकून बाबा बसले होते. सुट्टीला आलेली जिपार वाढत होती. जेवण झालं आणि बाबांनी रीतीप्रमाणे कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा खानमच्या हाती दिला. आमच्याकडे वाडगा घेतला की पाहुण्याने गाणं म्हणायचं. घरात अन्न खाल्लं, तर घराला काही देऊन जायचं.

"आक्साकाल, वडीलधाऱ्यांशी खोटं कशाला, मला खरंच गाता येत नाही," ती म्हणाली. "देवाशपथ. माझी आई अंगाई म्हणू द्यायची नाही."

बाबा तिच्या कानांकडे बघत राहिले. "मग पट्टा बांध, लेकी."

"काय?"

"ते पैलवानाचे कान काही मोजपट्टीने झालेले नाहीत. गाता येत नाही ना? जे येतं ते दे. ही माझी नात."

"बाबा!" मी म्हटलं. सात घरांचे मेंढे पोटात असलेल्या तपासनीस बाईला कुस्ती लावायची, ही अट कुठल्याच गठ्ठ्यात नव्हती.

झाउरे खानमने जिपारकडे बघितलं. जिपारने वाढायचं भांडं खाली ठेवलं होतं आणि तिचे डोळे लकाकत होते. मग खानम हसली. सबंध दिवसात पहिल्यांदा. "आणखी गाद्या आणा. मी जड आहे."

शेजारणींनी आपापल्या चळती मोकळ्या केल्या. ज्या गाद्यांवर आशिया झोपणार होता, त्या माझ्या अंगणात पसरल्या. दोघींनी एकमेकींचे पट्टे धरले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जिपार हवेत होती, आणि मग धप्पकन पाठीवर.

दुसऱ्यांदा तसंच. मला खानमचा राग आला. पाहुणी झाली म्हणून काय झालं, माझी पोरगी आहे ती. बाबा मात्र पुढे वाकले होते, गालांवर रंग चढला होता. कित्येक वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

"टाच!" ते गरजले. "उजवी टाच जमिनीला चिकटवून ठेवतेस, गाढवे! टाच उचल!"

तिसऱ्यांदा जिपारने टाच उचलली. खानमला पाडू शकली नाही, पण पडलीही नाही. दोघी पट्टे धरून डुलत राहिल्या, शेवटी खानमला ढेकर आला आणि दोघी हसत हसत आडव्या झाल्या. बाबा रडत होते. मीही रडत होते, लपवून काय करू?

निघताना खानमने बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. मग तोलुबायकडे वळून सरळ म्हणाली, "स्पर्धा तुम्हाला मिळणार नाही. खाटा नाहीत, छत गळतंय आणि मेंढ्या धावपट्टी सोडत नाहीत. खोटं लिहिणार नाही मी."

"आठशे लोक आम्ही झोपवू शकतो, खानम!"

"झोपवाल हो. पण त्यांना उठून लढायचंही असतं. तुमच्या एका दिवसात मी लढायच्या लायकीची राहिले नाही."

यावर तोलुबायलाही हसू आलं. स्पर्धा बिश्केकला गेली.

स्पर्धा राजधानीत म्हणून अंतिम लढती टीव्हीवर दाखवल्या. मोठा टीव्ही फक्त माझ्या हॉटेलात, त्यामुळे अख्खं गाव तिथे कोंबलेलं. बाबांना गादीसकट उचलून आणून पुढे ठेवलं. जिपारसमोर मंगोलियाची एक दांडगी पोरगी. तिने जिपारला पट्ट्याला धरून वर ओढायला घेतलं.

"टाच!" बाबा टीव्हीवर ओरडले. "टाच उचल, गाढवे!"

तिकडे घाटापलीकडे जिपारची उजवी टाच उचलली गेली. ती गर्रकन वळली आणि मंगोलियाची पोरगी पालथी पडली.

हॉटेलात जो गोंधळ उडाला त्यात दोन खिडक्या गेल्या. तोलुबाय बाबांना मिठी मारून ओरडला, "पैलवान, तिला तिकडे ऐकू कसं गेलं हो?"

बाबांनी बाहीने डोळे पुसले. "न जायला काय झालं? आवाजाला विमानतळ लागतो होय रे?"