दोर उतरवायचा दिवस

ऑगस्टची ऐन थंडी, आणि डोंगर उघडाबोडका. स्की करणाऱ्यांना इंजिनाच्या जोरावर वर ओढून नेणाऱ्या दोराशेजारी बर्फाची तेवढी एक चिंधी उरली होती, तीही निम्म्या चढापर्यंतच. गेले दोन हिवाळे तर एवढाही पडला नव्हता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या त्या चिमुकल्या स्की क्लबाने शेवटी हात टेकले होते. आज दोर उतरवायचा, म्हणून सभासद पाने-पकडी घेऊन जमले होते.

ब्रेना मात्र पाच वर्षांच्या लेकीला, टिलीला घेऊन आली होती.

"बाबा, एकदाच. तिला एकदा दोरावरून वर नेते, मग खुशाल काढा."

तिचा बाप डेस्मंड इंजिनाच्या खोपटाला पाठ लावून उभा होता. ब्रेनाच्या जन्माआधीपासून ते इंजिन त्याच्याच हातातलं. "निजलंय ते. उगाच उठवायचं आणि पुन्हा आपल्याच हाताने विझवायचं? मला नाही जमणार, पोरी."

याच दोरावर आईच्या गुडघ्यांमध्ये उभी राहून ब्रेना लहानपणी वर गेली होती. आईच्या कमरपट्ट्याचा लोखंडी चिमटा पळत्या दोराला खटकन धरायचा, आणि दोघी झटक्यासरशी वर ओढल्या जायच्या. लेकीला हे सारं नुसतं सांगायचंच का?

तेवढ्यात क्लबाच्या झोपडीतून टिली धावत आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. "आजोबा, मी सगळे कप विसळले! नोएलीनआजी म्हणाली, काम केल्याशिवाय दोर नाही. मग आता मिळणार ना?"

क्लबाची जुनी सभासद नोएलीन दारात फडकं पिळत होती. "काय रे डेस्मंड, नियम तुझाच ना? ओल्या बाळंतिणीला बटाटे सोलायला बसवलं होतंस मला!"

"सोललेस कुठे? निम्मा बटाटा सालीबरोबर गेला."

"विषय बदलू नकोस. पोरीने काम केलंय."

सगळे हसले. डेस्मंड नाही हसला. त्याने टिलीचे गारठलेले हात आपल्या तळव्यांत धरून चोळले आणि खोपटात शिरला.

इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि एकदाचं धडधडू लागलं. दोर पळायला लागला. स्की चढवलेल्या ब्रेनाने टिलीला पुढ्यात घेऊन लगेच चिमटा मारला, तशा मायलेकी तोंडघशी.

"अगं बये, आधी दोर हातातून सरकू दे! एवढंही विसरलीस?" डेस्मंड ओरडला.

खरंच विसरली होती. दुसऱ्या खेपेला तिने दोर मुठीतून वाहू दिला, हळूहळू मूठ आवळली, मग चिमटा. टिली गुडघ्यांत घट्ट. निघाल्या.

बर्फ संपला तिथे दोघी दोरावरून सुटल्या. टिलीने आईचा हातमोजा हुंगला. "शी! कसला जळका वास?"

"दोर घासल्याचा," ब्रेना म्हणाली, आणि तोच मोजा तिने आपल्याही नाकाशी धरला.

खाली इंजिन चालूच होतं. बंद कर, असं कुणी म्हणत नव्हतं. नोएलीनने पाना गवतावर ठेवला आणि गाडीतून आपल्या स्की काढल्या. मग दुसऱ्याने काढल्या, तिसऱ्याने. म्हणजे सगळ्यांनीच आणल्या होत्या.