सावध एजंट

"हा काऊन बे तिसऱ्यांदा सही घेऊन राह्यला?" शालिग्रामनं शेजारच्या एजंटाला कोपरानं ढोसलं.

"एक हजेरीची, एक एसटीच्या भाड्याची अन् एक जेवनाची," शेजारचा म्हणाला. "तू काय वावर लिहून देऊन राह्यला का? कर ना बाप्पा!"

शालिग्रामनं सही केली, पण वहीचं पान उलटून मागे काय लिहिलंय ते पाहूनच.

बुलढाण्याच्या एका शाळेच्या हॉलात तरुण विमा एजंटांचं संमेलन भरलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती आणि आता गावोगावी विमा पोचलाच पाहिजे, असं वरच्या साहेबलोकांनी मनावर घेतलं होतं. जिल्ह्यातले तिशीच्या आतले चाळीस एजंट इस्त्रीचे शर्ट घालून बाकांवर दाटीनं बसले होते. समोर तांबड्या कापडावर चुन्यानं लिहिलं होतं, 'सावध एजंट, निर्धास्त विमेदार'. दिवसभराचा विषय तोच. सकाळी एकानं सावधपणे फॉर्म कसा भरावा ते सांगितलं, दुसऱ्यानं सावधपणे वय कसं विचारावं ते सांगितलं, आणि शालिग्रामला प्रत्येक वाक्य आपल्याकडेच बोट दाखवून म्हटल्यासारखं वाटत होतं.

त्याला कारणही होतं. निमंत्रणाचं पत्र सगळ्यांना छापील गेलं होतं. शालिग्रामच्या पत्राखाली मात्र अकोल्याच्या विमा कचेरीतल्या बिडकर साहेबांनी शाईनं एक ओळ जास्तीची लिहिली होती, 'आपण अवश्य यावे.' शेजारचा हिंमतराव जानेफळचा, गोलमटोल नि बोलघेवडा. त्याचं पत्र खिशातून डोकावत होतं. शालिग्रामनं ते विचारून घेतलं, पुढून-मागून पाहिलं. ओळ नव्हती. झालं! त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तसा तो जन्माचा संशयी नव्हता हो. आपल्या धाड गावी एजन्सी घेतली तेव्हा चांगला हसतमुख पोरगा होता. पण विमा म्हणजे मरणाचं आवतण, अशी गावाची पक्की समजूत. तो दारात दिसला की बाया म्हणायच्या, "आला पाहा मरनाचा एजंट!" म्हातारी मनकर्णाबाई तर तो गेला की उंबऱ्यावर मीठ टाकायची. ज्याच्याकडे चार वर्षं अख्खा गाव वाकड्या नजरेनं बघतो, त्याची स्वतःची नजर सरळ राहील कशी? हळूहळू शालिग्रामही सगळ्यांकडे तसाच बघायला लागला. कोणी हसून चहा दिला तरी हा मनात म्हणायचा, याला काहीतरी दुखणं असलं पाहिजे.

आणि आज त्याला खात्री होती की आपल्याला बोलावलंय ते उकंडरावाच्या भानगडीत.

उकंडराव धाडचाच. माळवं पिकवणारा, कमी बोलणारा माणूस. दोन वर्षांमागं होळीच्या सुमाराला शालिग्राम सैलानीच्या यात्रेला गेला होता. देवभक्तीनं नव्हे, गर्दीत चार गिऱ्हाइकं भेटतील म्हणून. तिथे त्याला उकंडराव दिसला. हातात वापरलेलं धोतर, सदरा आणि नारळ. ज्याचं डोकं फिरलंय, ज्याला झटके येतात, त्याच्या अंगावरचे कपडे तिथल्या आगीत टाकतात, हे या मुलखात लहान पोराला ठाऊक. उकंडरावानं कपडे आगीत टाकले, मागे वळला, तर समोर शालिग्राम. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जवळ येऊन एवढंच म्हणाला, "भाऊ, कोनाले सांगू नका."

दोन महिन्यांनी त्याच उकंडरावानं विमा काढला. लहान विमा, डॉक्टरी तपासणी लागत नव्हती. "काही दुखणं-बिखणं?" या प्रश्नावर तो म्हणाला, "काई नाई, ठनठनीत हावो." शालिग्रामनं तसं लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, लेका, मी काय आंधळा आहे? पण वर्षाचा आकडा पुरा व्हायचा होता. त्यानं तोंड मिटलं.

तेरा महिन्यांनी जेठाच्या उन्हात उकंडरावाला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी माणूस गेला. विमा काढून वर्ष-सव्वा वर्षात माणूस मेला की कचेरी चौकशी करतेच. शालिग्रामला पत्र आलं तेव्हा त्याची तंतरली. मेल्या माणसाची ढाल करून त्यानं स्वतःचा जीव वाचवला. लिहून दिलं की, 'मयतास डोक्याचा विकार असून त्याने तो लपविला. विम्याआधी सैलानी येथे उपचार केल्याचे मला नंतर समजले.' नंतर! चौकशीचा माणूस उकंडरावाच्या बायकोकडे, रुखमाबाईकडे गेला आणि विचारलं, "तुमचे मालक सैलानीला कशाला गेले होते?" ती काही बोललीच नाही. खाली मान घालून बसली. त्या गप्प बसण्यालाच कबुली धरलं आणि दिवाळीत तिचा क्लेम नामंजूर झाला.

जेवणं झाली. वांग्याची भाजी तिखट होती, वरण पातळ होतं. शालिग्राम जेवलाच नाही म्हटलं तरी चालेल. दुपारी बिडकर साहेब बोलायला उभे राहिले.

"मित्रांनो, आता पुस्तकातलं पुरे. याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो," ते म्हणाले. "एका खेड्यात एका इसमानं विमा काढला. माळवं पिकवणारा साधा शेतकरी. सव्वा वर्षाच्या आत वारला. आपल्या एजंटानं नात्यागोत्याची भीड धरली नाही. मयत मनोविकारासाठी सैलानीला जाऊन आपले कपडे जाळून आला होता, ही गोष्ट त्यानं कचेरीला कळवली. एक खोटा दावा टळला. याला म्हणतात सावध एजंट!"

टाळ्या पडल्या. शालिग्रामचा जीव भांड्यात पडला. अरेच्चा, म्हणजे शिक्षेसाठी नाही, शाबासकीसाठी बोलावलं होतं!

एवढ्यात हिंमतराव त्याच्या कानाशी लागला. "कोन हाये बे हा? धाडचा उकंडराव तं नाई?"

"तुले काय मालूम?"

"मालूम म्हंजे? त्याचा थोरला भाऊ रंगराव आमच्या जानेफळात माह्या घराशेजारीच, बहिनीच्या घरी राह्यते ना. डोकं फिरेल हाये बिचाऱ्याचं. उकंडराव दर साली त्याचे कपडे मांगून न्यायचा सैलानीले. मी सोता गाठोडं बांधून देलं हाये त्याले. त्याचं सोताचं डोकं? अरे, त्याच्याइतका शहाना मानूस नोयता!"

शालिग्रामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली नाही, उलट सगळं अंग गार पडलं. धोतर कोणाचं, सदरा कोणाचा, एवढा साधा प्रश्न त्यानं त्या माणसाला कधी विचारलाच नव्हता. विमा काढताना ठणठणीत म्हणाला तो, तेव्हा खरंच बोलला होता!

"मग त्याच्या बायकोनं चौकशीत सांगतलं काऊन नाई?"

"कशी सांगन? रंगरावची पोरगी हाये ना लग्नाची. बापाचं असं समजलं तं कोन करन तिले?"

आणि तेवढ्यात समोरून नाव पुकारलं गेलं. "धाडचे एजंट, श्री. शालिग्राम!"

इथे एखाद्या शूर माणसानं भर सभेत खरं सांगितलं असतं. शालिग्राम शूर नव्हता. तो उठला, समोर गेला, गळ्यात झेंडूचा हार पडला, हातात शाईचं पेन आलं. साहेबांनी पाठ थोपटली. चाळीस जणांच्या टाळ्यांत तो नुसता उभा राहिला आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

सभा संपल्यावर मात्र तो बिडकर साहेबांच्या मागे मागे मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला.

"साहेब, ते चुकलं. धोतर त्याचं नव्हतं."

"कोणाचं धोतर?"

शालिग्रामनं सगळं सांगितलं. यात्रेत आपण स्वतः पाहिलं होतं आणि 'नंतर समजलं' हे खोटं लिहिलं, हेही सांगितलं. बिडकर माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे लेखी द्याल?"

"हो."

"एजन्सी जाईल तुमची."

शालिग्रामनं मान डोलावली. मग तिथेच बसून, आत्ताच मिळालेल्या पेननं त्यानं दीड पान लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"तुमच्या एकट्याच्या कागदावर फाइल उघडणार नाही," ते म्हणाले. "एकदा एक म्हणालात, आता दुसरं म्हणता. त्या बाईंनी लिहून दिलं पाहिजे, कपडे कोणाचे आणि आजार कोणाला. अपिलाला महिन्याभराची मुदत शिल्लक आहे."

चारची एसटी पकडून शालिग्राम धाडला उतरला तेव्हा ऊन कलत होतं. घरी न जाता तो सरळ रुखमाबाईकडे गेला. ती ओसरीत तुरी पाखडत होती. नवऱ्यामागं वाळून कोळ झालेली, पण ताठ बसणारी बाई. तिनं त्याला बसायला पोतं टाकलं.

"वहिनी, रंगरावभाऊचं मले समजलं."

सूप थांबलं. तिनं आधी रस्त्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हळू बोला."

त्यानं हळू आवाजात मुदतीचं, कागदाचं, अपिलाचं सांगितलं. "दोन ओळी लिहून द्या फक्त. मी लिहितो, तुमी अंगठा द्या. कपडे थोरल्या दिराचे होते, एवढंच. तुमचे पैसे मिळतीन."

"नाई."

"वहिनी, हक्काचे पैसे हायेत."

"रंगरावभाऊच्या सिंधूचं लग्न जमून राह्यलं. माघात सुपारी फुटनार हाये," ती म्हणाली. "तिच्या बापाचा असा कागद झाला, तं ते लोक दारातूनच माघारी जातीन."

"कागद तं अकोल्याले जाईन. इकडं कोनाले समजते?"

"मांगच्या वेळी यात्रेचं साहेबाले समजलं, तसंच हे बी समजन." तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरले. "लोकाइले दिसू नये म्हून ते यात्रेले एसटीनं बी गेले नाई. गाठोडं काखेत मारून पायी गेले. मरेस्तोवर भावाचं नाव तोंडातून काढलं नाई त्याइनं. अन् मी आता पैशासाठी लिहून देऊ? नाई जमत भाऊ. राहू द्या."

ती पदरानं डोळे पुसून पुन्हा सूप हातात घेणार, तोच थांबली.

"एक सांगा. साहेबाले यात्रेचं कोनं सांगतलं होतं?"

शालिग्राम पोत्याचा दोरा उसवायला लागला.

"मले ठाव हाये म्हना," तिनं परड्याच्या कुंपणाकडे हनुवटी केली. पलीकडे चांगुणाबाईचं घर. दोघींच्या परड्यांमध्ये जायला-यायला वाट होती, ती आता बाभळीच्या काट्यांनी गच्च बुजवलेली. "वीस वर्सं एका जात्यावर दळलं आमी. यात्रेचं मी तिलेच सांगतलं होतं, दुसऱ्या कोनाले नाई. तिनं घात केला. त्या दिवसापासून बोलनं बंद. नातू झाला तिले, मी बारश्याले बी नाई गेली. ती भिंतीआड उभी राहून आवाज देत होती, 'रुखमे, काऊन रुसली?' म्हने. इचारते बी कशी!"

आता गप्प बसणं शालिग्रामला शक्य नव्हतं. एजन्सी गेल्यातच जमा होती, आता आणखी काय जायचं होतं!

"वहिनी, चांगुणाबाईनं काई नाई सांगतलं. मी यात्रेत पाह्यलं होतं उकंडरावभाऊले. म्याच लिहून देलं."

रुखमाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. ती शिव्या देईल, सूप फेकून मारेल, बोंब ठोकून गाव गोळा करील, असं त्याला वाटलं. तसं तिनं केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमी?"

"मी."

"अन् मी तिले..."

ती उठली. डोक्यावर पदर घेतला. रस्त्यानं वळसा घालून चांगुणाबाईच्या दारात जाता आलं असतं, पण ती परड्यात उतरली आणि बुजवलेल्या वाटेतले काटे हातानं ओढायला लागली. एकेक फांदी उपसून बाजूला टाकू लागली. शालिग्राम धावत गेला.

"वहिनी, हाताले लागन. मी काढतो."

"तुमी नका हात लावू," ती मागे न बघता म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला. तिच्या तळव्यातून रक्त आलं, ते तिनं लुगड्याला पुसलं. माणूस अंग चोरून जाईल एवढी फट झाली तशी ती पलीकडे गेली. मागचं दार बंद होतं. तिनं ते वाजवलं.

"कोन हाये?"

"मी व्हय. रुखमा."

कडी निघाली. आत लहान लेकरू रडत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग रुखमाबाईचा आवाज आला, "दे त्याले इकडं."

हळूहळू लेकराचं रडणं थांबलं. कोंबड्या ओसरीवर चढल्या होत्या. शालिग्रामनं त्यांना हाकललं, तुरीचं सूप उचलून घरात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि निघाला.